दौंडात काढण्यासारखं आहे काय?

गेल्या आठवड्यात दौंडहून भावाच्या सुनेचा फोन आला. तिची मुलगी यंदा बारावीला आहे आणि पुढं चित्रकलेच्या कॉलेजातच जायचं म्हणून हटून बसली आहे. मार्क बरे पडतात, त्यामुळं घरात सगळ्यांना वाटतंय की तिनं इंजिनिअरिंगला जावं. ते नेहमीचंच. पण सुनेनं जो मुद्दा काढला तो नेहमीचा नव्हता. म्हणाली, "आत्या, चित्रकार व्हायला तसं गाव लागतं हो. कोकणात समुद्र आहे, कोल्हापूरला रंकाळा आहे. आमच्या दौंडात काढण्यासारखं आहे काय? रेल्वे, उसाच्या ट्रॉल्या आणि वाळूवाल्यांनी पोखरलेली नदी. ही काय काढणार?"

मी हसले खरी, पण पुढं दोन दिवस तेच डोक्यात. माझं माहेर दौंड, सासर शिरूर. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले आणि शिरूर तालुक्यातल्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. म्हणजे जिथं 'काढण्यासारखं काही नाही' असं म्हणतात त्या दोन गावांतच माझा जन्म गेला. तेव्हा या प्रश्नावर बोलायचा थोडाफार अधिकार मला आहे असं धरून चालते. फोनवर जे बोलले ते तुटक झालं, म्हणून आता नीट लिहून काढते.

तिच्या म्हणण्यात अर्धं खरं आहे. लहानपणीचा परिसर चित्रकाराच्या हातात उतरतो, हे मलाही पटतं. पण तो कसा उतरतो याबद्दलची आपली कल्पना फारच भाबडी आहे. समुद्राकाठी वाढला की समुद्र काढणार, जंगलात वाढला की झाडं काढणार! जणू परिसर म्हणजे किराणा दुकान, जे फळीवर असेल तेच पिशवीत येणार. चित्रकारांच्या हकिगती वाचायला लागलं की भलतंच दिसतं.

मकबूल फिदा हुसेन यांचंच घ्या. जन्म १९१५, पंढरपूर. आमची घोडनदी पुढं भीमेला मिळते, भीमा दौंडावरून पंढरपूरला जाते आणि तिथं तिची चंद्रभागा होते. तेव्हा नदीच्या नात्यानं हे आमच्याच काठचे. (हुसेन म्हटलं की काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतात, मला ठाऊक आहे. देवीदेवतांच्या चित्रांवरून वाद झाले, खटले झाले, २००६ मध्ये ते देश सोडून गेले, २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं आणि जून २०११ मध्ये लंडनला वारले. त्या वादात मी आज शिरत नाही. मला त्यांचं फक्त लहानपण हवं आहे.)

आता भाबड्या हिशोबानं त्यांनी काय काढायला हवं होतं? वारी, टाळकरी, वाळवंट, घाट. पण हुसेन तान्हे असतानाच आई वारली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि बिऱ्हाड इंदूरला गेलं. पंढरपूर आठवावं एवढं त्यांच्या वाट्याला आलंच नाही. आईचा चेहरा आठवत नाही, तिचा एक फोटोही नाही, हे ते पुढं आयुष्यभर सांगत राहिले. आणि मग त्यांच्या चित्रांतल्या बायका पाहा. बसण्याची ढब आहे, खांद्याचा बाक आहे, लुगड्याच्या घड्या आहेत, चेहरा मात्र कितीतरी वेळा कोरा. १९८० च्या सुमारास त्यांनी मदर तेरेसांची चित्रमाला सुरू केली. त्यात निळ्या काठाची पांढरी साडी, मांडीवर मूल, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख. मदर तेरेसांचा चेहरा जगात कोणाला माहीत नव्हता? पण यांनी तो काढला नाही. पंढरपुरानं त्यांना दिली ती एक रिकामी जागा, आणि ती त्यांनी जन्मभर रिकामीच काढली. परिसर असाही उतरतो.

इंदूरनं दिलं ते जरा मोजता येतं. आजोबा दिव्यांचं काम करायचे, आणि कंदील हुसेनच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येतो. १९५६ च्या त्यांच्या एका गाजलेल्या चित्राच्या नावातच कोळी आणि दिवा आहेत. मोहरमच्या मिरवणुकीतला घोडा लहानपणी पाहिलेला, तो पुढं किती धावला ते सगळ्यांना माहीत आहे. पण थांबा, घोड्याचं श्रेय एकट्या इंदूरला देऊन टाकू नका. १९५२ मध्ये ते चीनला गेले, तिथल्या चित्रकारांचे घोडे पाहिले, आणि त्यानंतर त्यांचा घोडा उधळला. शिवाय तरुणपणी मुंबईत पोटासाठी सिनेमाची होर्डिंगं रंगवली. परांचीवर उभं राहून नटीचा परातीएवढा डोळा काढायचा, तोही झपाट्यानं, रेघ एकदा मारली की मारली. तो हात पुढं कॅनव्हासवर आला. म्हणजे लहानपणानं बी टाकलं आणि पाणी भलतीकडचं मिळालं, असं काहीसं.

सय्यद हैदर रझांची गोष्ट तर शिक्षक म्हणून मला जास्तच जवळची. १९२२ मध्ये मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी जन्म. वडील वनखात्यात, घराभोवती घनदाट जंगल. ककैयाच्या शाळेत या पोराचं लक्ष लागेना, तेव्हा मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे पाहत बस म्हणून सांगितलं. झालं, एवढीच गोष्ट. पुढं रझा मुंबईला आले, १९५० मध्ये पॅरिसला गेले, तिथं फ्रान्समधली गावं, चर्च, घरं रंगवली, १९५६ मध्ये तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार मिळवला. सगळं झालं आणि पन्नाशी उलटल्यावर तो भिंतीवरचा ठिपका परत आला. काळा, मोठा, चित्राच्या मधोमध. 'बिंदू' म्हणून जग रझांना ओळखतं ते त्या चित्रांमुळं. त्या काळ्या रंगात मंडलाच्या जंगलातली रात्र आहे असं ते सांगत. झाड मात्र एक नाही! २०१६ मध्ये दिल्लीत वारले, दफन मंडलाला, वडिलांच्या शेजारी.

मला गंमत वाटते ती त्या मास्तरांची. त्यांना काही चित्रकार घडवायचा नव्हता. एक चुळबुळं पोर घटकाभर गप्प बसवायचं होतं. आम्ही शिक्षक रोज असे शंभर ठिपके काढतो, त्यातला कुठला कुणाच्या डोळ्यांत राहतो, काय सांगावं.

हुसेन, रझा आणि गोव्याच्या साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा हे तिघं १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये एकत्र आले. एकाच शहरात, एकाच वेळी, एकमेकांची चित्रं पाहत काम करणारी माणसं, आणि तरी तिघांची रेघ तीन तऱ्हेची. सूझांची काळी, जाड, काट्यांसारखी. ख्रिस्ताच्या अंगावरच्या जखमा आणि चर्चमधले संत पाहत वाढलेल्या मुलाची रेघ आहे ती, हे चित्रकलेतलं काही न कळणाऱ्यालाही दिसतं. परिसर थेट विषय म्हणून आलेलं उदाहरण हवं असेल तर डहाणूकडचे जिव्या सोमा म्हसे. आई लहानपणीच गेली, पोरगं बोलेनासं झालं, मातीत बोटानं चित्रं काढत बसे. वारली बायका लग्नाच्या वेळी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहीत, ती कला या पुरुषानं १९७० च्या दशकात कागदावर आणली आणि लग्नाच्या चौकाबाहेरचं जगही तीत घेतलं. मासेमारीचं जाळं, शेतकाम, मुंग्या. २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये गेले. इथं भिंत हाच कागद होता, त्यामुळं गाव आणि चित्र यांत अंतर पडायला जागाच नव्हती.

साहेबाच्या देशातही एक असा होऊन गेला, जॉन कॉन्स्टेबल. बाप गिरणीवाला, नदीकाठचं गाव, पोरगा वर्षभर बापाच्या पवनचक्कीत राबलेला. वारा आणि ढग ओळखता येणं हा तिथं पोटाचा प्रश्न. पुढं याच्यासारखं आभाळ कुणी रंगवलं नाही असं लोक म्हणू लागले, आणि तो स्वतः मित्राला लिहून गेला की त्या नदीकाठानंच मला चित्रकार केलं. त्या नदीकाठी होतं तरी काय? बंधारे, शेवाळलेले लाकडी खांब, चिखल. आमच्या सूनबाईंना दाखवलं असतं तर म्हणाल्या असत्या, यात काढण्यासारखं काय!

आता उलट बाजूही मांडते, नाहीतर कुणीतरी लिहिणारच. वासुदेव गायतोंडे १९२४ मध्ये नागपूरला जन्मले, घराणं गोव्याचं, राहणं गिरगावातल्या चाळीत. त्यांच्या चित्रांत नागपूर शोधा, गोवा शोधा, चाळ शोधा, काही सापडणार नाही. नुसता रंग, थरावर थर. (दाराबाहेर अष्टौप्रहर गजबज असलेल्या चाळीतल्या माणसाला एवढी शांतता काढाविशी वाटली, यातच परिसर आहे असं म्हणणारे असतात. मला ते ओढूनताणून वाटतं. असा अर्थ लावायचा म्हटला तर कशाचाही लागतो.) आणि सुधीर पटवर्धन हे तर रेडिऑलॉजिस्ट डॉक्टर. नोकरी-व्यवसायाच्या निमित्तानं मुंबईला, मग ठाण्याला आले आणि ठाण्याची माणसं, लोकल, कारखाने, उड्डाणपूल असे रंगवले की ठाण्यात जन्मलेल्याला जमू नये. ते सगळं मोठेपणी पाहिलेलं. तेव्हा लहानपण म्हणजेच सगळं, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की लहानपण विषय देवो न देवो, नजरेचं वळण देतं. किती काळं म्हणजे काळं, किती मोकळं म्हणजे मोकळं, रेघ कुठं थांबवायची, हे दहा वर्षांच्या आत कुठंतरी ठरून जातं. आणि ते वळण कुठल्याही गावात पडतं. फक्त ते मोडून टाकणारंही कुणी भेटता कामा नये.

माझं खरं भांडण इथं आहे. चित्रकलेचे शिक्षक रजेवर असले की तो तास माझ्याकडे यायचा. मुलांना सांगायचं, मनानं चित्र काढा. पंचेचाळीस मुलांपैकी चाळीस जणांचं चित्र एकच. दोन त्रिकोणी डोंगर, मधून अर्धा सूर्य, त्याच्या किरणांच्या काड्या, उलट्या भुवयांसारखे चार पक्षी, डोंगरातून निघालेली नदी, लाल छपराची झोपडी आणि तिच्या शेजारी नारळ. अहो, शिरूर तालुक्यात नारळ! आमच्याकडे बाभूळ, कडुलिंब, चिंच, बांधावर बोरी. आणि सूर्य डोंगरांमधून उगवत नाही. तो ज्वारीच्या रानातून, सपाटीवरून, ताटासारखा सगळाच्या सगळा वर येतो. ही मुलं रोज सकाळी तो पाहत शाळेत यायची. एकदा मी म्हटलं, "आज शाळेत येताना जे दिसलं ते काढा." वर्ग गप्प. मग एक जण म्हणाला, "बाई, ते चित्रात काढत नसतात."

हे त्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही आणि सगळ्यांनी. वह्यांच्या पुठ्ठ्यांनी, कॅलेंडरांनी, मोठ्या बहिणीच्या वहीनं. शासकीय रेखाकला परीक्षांमध्ये, म्हणजे आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटमध्ये, स्मरणचित्र असतं. किती सुंदर शब्द आहे पाहा, स्मरणचित्र! पाहिलेलं आठवून काढायचं. प्रत्यक्षात मुलं काय करतात? गाईडमधला बाजार नाहीतर बसथांबा पाठ करतात. एक बाई वाकलेली, एक माणूस उभा, एक मूल बोट धरून, मागं दुकानाचं छप्पर. शिरूरच्या एसटी स्टँडवर रोज उभी राहणारी मुलगी परीक्षेत गाईडमधला बसथांबा काढते आणि बी ग्रेड मिळवते. स्मरण कुणाचं? गाईड छापणाऱ्याचं.

त्या पाच-सात वेगळ्या चित्रांतलं एक मला अजून दिसतं. साखर कारखान्याच्या हंगामात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोप्या घालून राहतात. त्यातली काही मुलं चार-पाच महिने आमच्या शाळेत येऊन बसायची. अशीच एक मुलगी होती, तिसरी-चौथीच्या वयाची, पण लिहिता येत नव्हतं. ती उसाच्या बैलगाडीमागून चालत शाळेच्या फाट्यापर्यंत यायची. तिनं गाडी काढली. पानभर गोल, लहान-मोठे, एकमेकांना चिकटून, आणि खाली दोन चाकं. म्हटलं, हे गोल कसले? उसाची कापलेली टोकं. मोळ्या रचल्या की मागून तशीच दिसतात, अगदी तशीच. मी विचारलं, "आणि बैल कुठं आहेत गं?" माझ्याकडे अशी पाहिली की बाईंना एवढंही कळत नाही. "ते पुढं असतात," म्हणाली.

बैलगाडी म्हटल्यावर बैल काढायचेच, हे सांगणारं तिला अजून कुणी भेटलं नव्हतं. कारखान्याचा पट्टा पडला आणि टोळी गेली. पुढच्या हंगामात ती आली नाही.

म्हणून सूनबाईंना सांगते, दौंडात काय नाही याची यादी करू नकोस. मी तिथं वाढले तेव्हा वाफेची इंजिनं होती. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला पुढून काढून मागं लावायचे, त्याला वेळ लागायचा, आणि आम्ही पोरं कुंपणाशी उभी राहून ते पाहायचो. काळा रंग म्हणजे काय हे मला कोळशानं शिकवलं आणि पांढरा म्हणजे काय हे वाफेनं. डब्यांवरचे पांढरे आकडे पाहून मी अंक गिरवले. चित्रकलेच्या तासाला यथार्थदर्शन शिकवताना इतर मुलांना घाम फुटायचा, दूर जाताना समांतर रेघा एकत्र येतात म्हणजे काय? दौंडच्या पोरांना ते आधीच ठाऊक होतं, रोज रुळांवर पाहायचो ना! मी काही चित्रकार झाले नाही, माझी गाडी व्याकरणाच्या रुळावर गेली. पण आजही पुस्तकातलं चित्र पाहताना माझी नजर आधी आडव्या रेघेकडे जाते, क्षितिज कुठं धरलंय ते पाहायला. कोकणातल्या माझ्या विहीणबाई आधी झाडाचा हिरवा पाहतात.

तुझ्या मुलीचं दौंड माझं नव्हे. वाफ गेली, विजेची इंजिनं आली, कंटेनरच्या लांबच लांब मालगाड्या आल्या. कुरकुंभच्या एमआयडीसीच्या चिमण्या आहेत. रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक, लाल रेडियमच्या पट्ट्या चमकवत. भीमेचं पात्र उन्हाळ्यात खड्ड्याखड्ड्यांचं होतं, वाईट दिसतं, पण दिसतं तर खरं. यातलं तिच्या डोळ्यांत काय राहिलंय हे तुलाही माहीत नाही, मलाही नाही, तिला स्वतःला तरी आज कुठं ठाऊक आहे! रझांना पन्नाशी उजाडावी लागली, आणि त्यासाठी मंडला सोडून पॅरिसला जावं लागलं. तेव्हा तिला जायचंय तिथं जाऊ दे. प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी तिला सुट्टीत मुद्दाम कोकणात पाठवायचं चाललंय असं ऐकलं, तेवढं मात्र करू नका. समुद्र पाहायला जरूर पाठवा, पण 'तिथं काढण्यासारखं असतं' म्हणून नको. आणि पैशाचं म्हणशील तर त्याचं गणित वेगळं आहे, ते भाऊ आणि मी समोरासमोर बसून बोलू. सगळ्यांसमोर नको.

आता शेवटचं. न्हावऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला माझा एक जुना विद्यार्थी ट्रॉल्या रंगवतो. नंबर, मालकाचं नाव, आईवडिलांचा आशीर्वाद आणि मागच्या फळीवर एक चित्र. मोर बहुतेक असतोच, त्याचं आजोळ मोराच्या चिंचोलीकडचं. पुतण्याच्या नव्या ट्रॉलीच्या निमित्तानं मागच्या महिन्यात गेले होते. तिथं उभ्या असलेल्या तीन-चार ट्रॉल्या पाहिल्या. सगळ्यांवर जमीन अगदी खाली, चार बोटांची पट्टी, आणि वर सगळं आभाळ. मोर त्या पट्टीवर एवढासा. दुसऱ्या गावच्या पेंटरांचा मोर फळी भरून असतो. मी विचारलं, "मोर मोठा का नाही काढत रे? गिऱ्हाईक काही म्हणत नाही?"

"म्हणतात की, बाई. पण माळावर मोर एवढाच दिसतो." मग त्यानं ब्रश रॉकेलात बुडवून पुसला आणि दर सांगितला. पुतण्यानं घासाघीस केली, शेवटी मोर तेवढाच ठेवून नाव मोठ्या अक्षरात काढायचं ठरलं.